लंडनने फक्त उंची मोजली

कामतघरच्या गल्ल्यांत कुणी उगाच छाती फुगवून चालायला लागला, की त्याची थट्टा ठरलेली. मोठा गामा पैलवान लागून गेलास का, असं त्याला कुणी ना कुणी विचारतंच. यंत्रमागांच्या खडखडाटात हा टोमणा मराठीत ऐकू येतो, उर्दूतही ऐकू येतो. टोमणा मारणाऱ्याला आणि खाणाऱ्याला, दोघांनाही गामा कोण होता हे नीट ठाऊक असेलच असं नाही. काही माणसांची नावं अशीच बोलीत विरघळून जातात आणि माणूस मागे राहतो.

ज्याचं नाव आज ताकदीचं माप म्हणून घेतलं जातं, त्याच माणसाला एकदा ठेंगणा म्हणून बाजूला बसवण्यात आलं होतं. ते साल होतं १९१० आणि शहर होतं लंडन. जगभरच्या वजनदार पैलवानांमध्ये जगज्जेता कोण, हे ठरवण्यासाठी तिथे पट्टा लावला होता. त्या पट्ट्यासाठीची कुस्ती १० सप्टेंबर १९१० रोजी झाली. हिजरी सन होतं १३२८ आणि रमजान सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता.

त्या कुस्तीआधी लोकांनी गामाकडे कसं पाहिलं आणि नंतर कसं पाहिलं, यात त्याच्या आयुष्याचं सगळं सार आहे.

दहा वर्षांचं पोर

गामाचं खरं नाव गुलाम मुहंमद. घराणं काश्मिरी मुसलमान पैलवानांचं, अमृतसरच्या मुलखातलं. जन्म १८७८च्या सुमाराचा. वडील अजीज बख्श हे दतिया संस्थानाच्या पदरी असलेले नावाजलेले पैलवान. गामा पाच-सहा वर्षांचा असताना ते गेले. पुढे आजोबा नून पहलवान यांनी त्याला सांभाळलं, आणि तेही गेल्यावर मामा इदा पहलवान यांनी. मामांनी वडिलांची जागा घेतली आणि वस्तादाचीही. वडिलांचं नाव पुढे न्यायचं, एवढं एकच त्या पोराच्या कानावर रोज पडत होतं.

१८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी एक अजब स्पर्धा भरवली. कुस्त्या नव्हत्या, फक्त बैठका. जो शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. देशभरातून चारशेच्या वर पैलवान आले होते. त्यांत दहा वर्षांचा गामाही उभा राहिला. पोरगा हौसेने आलाय, थोड्या वेळात बसेल, असंच कुणालाही वाटावं. एकेक करून मोठमोठे गडी खाली बसत गेले. शेवटच्या पंधरा जणांत गामा होता. महाराजांनी त्याचं वय पाहून त्यालाच विजयी घोषित केलं. त्यानंतर दतियाच्या महाराजांनी त्याला आपल्या आश्रयाखाली घेतलं आणि त्याच्या खुराकाची व तालमीची सोय केली.

पैलवानाची मेहनत फडात दिसत नाही. ती पहाटे होते, लोक झोपलेले असताना. गामा रोज हजारोंनी जोर आणि बैठका मारायचा, असं त्याच्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. आकडे सांगणाऱ्यागणिक वाढतात. पण पंचवीस-तीस वर्षं एकही दिवस न चुकवता माती खणणं, अंगाला तेल चोळणं, आपल्याहून जड गड्यांशी लागोपाठ जोड धरणं ही गोष्ट मात्र खरी. तिला साक्षीदार असतो तो वस्ताद आणि वरचा मालिक.

एक जोड सुटायची राहिली

त्या काळी हिंदुस्थानात पैलवानीचा सर्वांत मोठा मान म्हणजे रुस्तुम-ए-हिंद. तो किताब होता गुजराँवाल्याच्या रहीमबख्श सुलतानीवाला यांच्याकडे. उंची जवळजवळ सात फूट. वयाने पोक्त, अनुभवाने मुरलेला. गामाने मिसरूड फुटण्याच्या वयात त्याला आव्हान दिलं.

दोघं हौद्यात समोरासमोर उभे राहिले तेव्हा गामा त्याच्या छातीपर्यंतच पोचत होता. पाहणाऱ्यांनी निकाल आधीच लावून टाकला असेल तर त्यांना दोष देता येत नाही. पण सुलतानीवाल्याला गामाची पाठ लावता आली नाही. लढत लांबली, गामाने मार खाल्ला, रक्त सांडलं आणि पुढे पुढे तोच चढाईवर गेला. कुस्ती बरोबरीत सुटली. त्या दिवसापासून पंजाबातल्या आखाड्यांत या पोराचं नाव आदराने घेतलं जाऊ लागलं.

पुढच्या पंधराएक वर्षांत गामाने देशातले नामवंत मल्ल एकामागून एक चीत केले. उरला फक्त सुलतानीवाला. दोघं भेटले की कुस्ती निकाली होत नसे. म्हणजे १९१० उजाडलं तेव्हा घरच्या आखाड्यांतही गामाबद्दल एक प्रश्न बाकी होता. सगळ्यांना हरवलंस, पण त्याचं काय?

बडोद्याचा दगड

मराठी माणसाला गामाची एक खूण अगदी जवळ पाहता येते. बडोद्याला, सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक भलामोठा दगड ठेवलेला आहे. सयाजीराव गायकवाडांच्या राजधानीत २३ डिसेंबर १९०२ रोजी गामाने हा दगड उचलला, अशी नोंद त्यावर कोरलेली आहे. उंची अडीच फूट आणि वजन बाराशे किलो सांगितलं जातं. तो हलवायला यंत्र लागलं होतं असंही सांगतात. वजनाच्या आकड्यावर आज कुणी वाद घालेल. पण त्या दगडाशेजारी उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. चोवीस-पंचवीस वर्षांच्या त्या तरुणाच्या अंगात काय आहे, हे संस्थानांना तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच त्यांनी ते दगडावर कोरून ठेवलं.

इथे एक बाब नमूद करायला हवी. दतियाचे महाराज, जोधपूरचे महाराज, बडोद्याचे गायकवाड आणि पुढे पतियाळाचे महाराज, या सगळ्यांनी एका काश्मिरी मुसलमान पैलवानाला आपला मानलं. आखाड्यात भिंतीवर बजरंगबलीची तसबीर असायची आणि हौद्यात अल्लाचं नाव घेऊन उतरणारा गडी असायचा. मातीला दोघांचंही वावडं नव्हतं. भिवंडी तालुक्यातल्या गावांच्या जत्रांत कुस्तीचा फड भरतो तेव्हा आजही हेच दिसतं. हलगी वाजायला लागली की पाहणारा जोड पाहतो, जात आणि धर्म पाहत नाही.

लंडनच्या दारात

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनला कुस्तीचं वेड लागलं होतं. नाटकगृहांतून कुस्त्या होत, तिकिटं विकली जात. रशियाचा हॅकेनश्मिट हा तिथला लाडका मल्ल. १९०८ साली शिकागोत अमेरिकेच्या फ्रँक गॉचने त्याला हरवलं आणि जगज्जेतेपद अमेरिकेत गेलं. मग लंडनच्या जॉन बुल साप्ताहिकाच्या नावाने एक पट्टा ठेवण्यात आला. सोबत २५० पौंडांचं इनाम.

शरतकुमार मित्र या बंगाली धनिकाने खर्च उचलला आणि गामा, त्याचा धाकटा भाऊ इमामबख्श आणि आणखी काही मल्ल बोटीने विलायतेला निघाले. आर. बी. बेंजामिन नावाच्या इंग्रज व्यवस्थापकाने तिथला कारभार हाती घेतला. हिंदुस्थानचा अजिंक्य पैलवान आला आहे, अशा जाहिराती झळकल्या. गंमत अशी की तिकडे ज्याला हिंदुस्थानचा विजेता म्हणून मिरवलं जात होतं, त्याला इकडे तो किताब अजून मिळायचा होता.

लंडनने गामाला पाहिलं आणि लंडन फार प्रभावित झालं नाही. उंची पाच फूट सात-आठ इंच. वजन सुमारे दोनशे पौंड, म्हणजे नव्वद किलोच्या आसपास. युरोपातल्या जडजंबाल मल्लांना पाहून सरावलेल्या डोळ्यांना हा गडी मध्यम वाटला. उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत सरळ प्रवेश मिळाला नाही. ज्या माणसाने सात फुटी सुलतानीवाल्याला झुंजवलं होतं, त्याला मोजपट्टी लावून दारातच थांबवण्यात आलं.

त्यामागे फक्त उंची नव्हती. हिंदुस्थान गुलाम होता. हिंदी माणसाबद्दल साहेबाच्या मनात ठरीव चित्रं होती. अमुक जमात लढाऊ, तमुक जमात मऊ, अशी वर्गवारी सरकारी कागदांतसुद्धा होती. हिंदी पैलवान म्हणजे त्यांच्या लेखी एक तमाशा होता, पगडी घातलेला आणि पाहायला मजेदार. याआधी १९०० साली गुलाम पहलवानाने पॅरिसमध्ये हिंदी कुस्तीचं पाणी दाखवलं होतं. त्याला तिकडे नेण्यात मोतीलाल नेहरूंचा पुढाकार होता. पण दहा वर्षांत ती आठवण पुसट झाली होती.

पोकळ वाटलेलं आव्हान

दार उघडत नाही म्हटल्यावर गामाच्या बाजूने जाहीर आव्हान देण्यात आलं. कुठल्याही वजनाचे कुठलेही तीन पैलवान समोर आणा, अर्ध्या तासात तिघांनाही चीत करून दाखवतो. लंडनकरांना ही थाप वाटली. जाहिरातबाजी समजून बरेच दिवस कुणीच पुढे आलं नाही. मग गामाने नावं घेऊन आव्हान दिलं, एक गॉचला आणि दुसरं पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोला. हरलो तर इनामाची रक्कम मीच भरीन आणि घरी जाईन, अशी त्यात अट होती. गॉच शेवटपर्यंत आला नाही. हॅकेनश्मिटही आला नाही.

आला तो अमेरिकेचा बेंजामिन रोलर. पेशाने डॉक्टर, उंचापुरा, गॉचच्या तोडीचे मल्ल पाहिलेला. ऑगस्ट १९१०मध्ये दोघांची गाठ पडली. गामाने त्याला पहिल्यांदा एक मिनिट चाळीस सेकंदांत चीत केलं. दुसऱ्यांदा नऊ मिनिटं दहा सेकंद लागली. रोलरच्या बरगड्यांना दुखापत झाल्याचंही सांगितलं गेलं. वाट पाहण्यात महिने गेले होते आणि निकाल लागायला अकरा मिनिटंही लागली नाहीत.

एका संध्याकाळीत गामाकडे पाहण्याची नजर फिरली. कालपर्यंत ज्याची उंची मोजली जात होती, त्याच्या मांड्यांचा आणि मानेचा घेर आता मोजला जाऊ लागला. तो किती बैठका मारतो, काय खातो, किती दूध पितो, याच्या कहाण्या छापून येऊ लागल्या. आधी तो लहान होता म्हणून नवल, आता तो माणूसच नाही असं नवल. त्याच्याकडे एक कसलेला कारागीर म्हणून सरळ नजरेने पाहणारे थोडेच होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला इमामबख्शनेही स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला काही मिनिटांत लोळवलं आणि हिंदी मल्लांचा दबदबा आणखी वाढला.

जोखलं जाणारं काय होतं?

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत एक मोठी घटना घडली होती. ४ जुलै १९१० रोजी रीनो शहरात जॅक जॉन्सन या काळ्या मुष्टियोद्ध्याने गोऱ्यांची आशा म्हणून पुन्हा रिंगणात आणलेल्या जिम जेफ्रीजला हरवलं. हेवीवेट बॉक्सिंगचं जगज्जेतेपद काळ्या माणसाकडेच राहिलं. निकाल कळताच अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या, माणसं मेली. त्या लढतीचा चित्रपट दाखवायला ठिकठिकाणी बंदी घालण्यात आली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जॉन्सन आणि एका इंग्रज बॉक्सरची लढत ठरली, तेव्हा गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती होऊ दिली नाही. वसाहतींतल्या प्रजेवर याचा काय परिणाम होईल, ही धास्ती त्या वादात उघड बोलून दाखवली जात होती.

अशा हवेत एक हिंदी माणूस लंडनमध्येच एका युरोपियनाशी जगज्जेतेपदासाठी लढणार होता. कुस्ती दोघांची असली, तरी पाहणाऱ्यांच्या डोक्यात दोन खंड उभे होते. इकडे लाहोर, अमृतसर, कलकत्ता आणि मुंबईत बातमीची वाट पाहिली जात होती. ज्यांच्या हाती सत्ता नव्हती, बंदूक नव्हती, त्यांच्या हाती एक पैलवान होता.

समोरचा झिबिस्को साधा गडी नव्हता. क्राकूच्या मुलखातला, उंचीला गामाच्याच आसपास, पण अंगाने पिंपासारखा भरलेला. वजनाने गामाहून सुमारे पन्नास पौंड जास्त. त्याने १९०९ साली गॉचला तासभर झुंजवून बरोबरीत रोखलं होतं. पण १ जून १९१० रोजी शिकागोत गॉचने त्याला हस्तांदोलनाच्या क्षणीच पकडून काही सेकंदांत पाडलं होतं. त्या घटनेला जेमतेम तीन महिने झाले होते. पहिल्या झटक्याची धास्ती त्याने घेतली असेल, तर ते समजण्यासारखं आहे.

जाणकारांचे दोन तट पडले. रोलरची गत पाहिलेले म्हणत, गामापुढे झिबिस्को टिकणार नाही. वजनावर भरवसा ठेवणारे म्हणत, एवढं धूड उलथवणं या गड्याला जमणार नाही. आणखी एक शंका होती. हिंदी मल्ल मातीत लढणारा. मातीत पाय रुततो, पकड बसते. इथे चटई होती आणि नियम परके होते.

मगरिबपर्यंतची वाट

शनिवार, १० सप्टेंबर. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातलं मैदान. हजारो लोक जमले होते. अमृतसरच्या घराघरांत त्या दिवसांत सहरीची लगबग आणि तरावीहची गर्दी असणार. सात समुद्रांपलीकडे रमजानचं तसं वातावरण नव्हतं. प्रवासात असलेल्याला रोजे पुढे पुरे करण्याची मुभा धर्माने दिलेली आहे. महिना मात्र तोच होता, सब्राचा.

आणि त्या दिवशी कस लागला तो सब्राचाच. सुरुवातीच्याच मिनिटात गामाने झिबिस्कोला खाली घेतलं. झिबिस्को जो चटईला चिकटला तो चिकटलाच. गुडघे आणि कोपरं टेकून, हातपाय आखडून, कासवासारखा तो पालथा राहिला. गामाने मान धरून ओढलं, पाय उपसून पाहिला, बगलेतून हात घालून उलथवायचा प्रयत्न केला. दोन-अडीचशे पौंडांचं ते ओझं जागचं हललं नाही. एक तास गेला. दोन तास गेले. लोक कंटाळले, हुर्यो उडवू लागले. अडीच तासांहून जास्त वेळ हे असंच चाललं. अखेर अंधार पडू लागला आणि कुस्ती थांबवावी लागली. मगरिबच्या सुमाराला जगज्जेतेपदाचा प्रश्न तसाच अधांतरी राहिला.

पुन्हा कुस्ती ठरली ती १७ सप्टेंबरला. गामा वेळेवर हजर झाला. झिबिस्को आलाच नाही. पंचांनी गामाला विजयी घोषित केलं. जॉन बुल पट्टा आणि इनाम त्याच्या हाती आलं. जगज्जेता, रुस्तुम-ए-जमाँ.

पण पैलवानाच्या मनाला अशी जीत लागते तशी लागत नाही. पाठ लावल्याशिवाय कुस्ती निकाली होत नाही, हे लहान पोरालाही कळतं. विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी झिबिस्कोला भित्रा ठरवून झोडपलं. तरी गामाच्या पदरात पट्टा पडला आणि प्रश्न उरला. घरी सुलतानीवाला होता, आता परदेशात झिबिस्को. दोघांची पाठ अजून मातीला लागायची होती.

पहिला हिशेब

देशात परतल्यावर अलाहाबादला गामा आणि रहीमबख्श सुलतानीवाला पुन्हा आमनेसामने आले. मोठी झुंज झाली आणि या वेळी निकाल लागला. गामा रुस्तुम-ए-हिंद झाला. जग जिंकून आलेल्या माणसाला घर जिंकायला उशीर लागला, असं हे उलटंच घडलं. गामा मात्र सुलतानीवाल्याला आयुष्यभर मानत राहिला. आपल्याला सर्वांत जड गेलेला गडी तोच, असं तो सांगत असे.

गामा घराण्याचं नाव महाराष्ट्राच्या मातीतही उमटलं. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं. विलायतेच्या दौऱ्यात रोमचं जुनं मैदान पाहून त्यांच्या मनात ही कल्पना आली होती. १९१२ साली त्याचं उद्‌घाटन झालं ते इमामबख्श आणि गुलाम मोहिउद्दीन यांच्या कुस्तीने. इमामबख्श जिंकला. कोल्हापूरच्या लाल मातीत पंजाबचे दोन मुसलमान मल्ल लढत होते आणि मराठी मुलूख टाळ्या वाजवत होता.

दुसरा हिशेब

झिबिस्को विसरला गेला नव्हता आणि त्यालाही ती कुस्ती विसरता आली नव्हती. मधल्या काळात तो भित्रा नव्हता हे त्याने जगाला दाखवून दिलं. १९२१ साली अमेरिकेत त्याने एड लुईसला हरवून जगज्जेतेपद मिळवलं. १९२५ साली पुन्हा एकदा मिळवलं. ज्याला लंडनने हिणवलं होतं, तो दोनदा जगज्जेता झाला होता. एका दिवसावरून माणसाचं माप काढू नये, हे झिबिस्कोच्याही बाबतीत खरं ठरलं.

१९२८च्या जानेवारीत पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांनी दोघांची कुस्ती लावली. झिबिस्को सातासमुद्रांपलीकडून आला. दोघांचीही पन्नाशी आली होती. खास उभारलेल्या मैदानात अफाट गर्दी लोटली. कुस्तीआधी पुन्हा तेच तर्क सुरू झाले. गामा आता म्हातारा झाला, त्याने वर्षानुवर्षं मोठी जोड घेतलेली नाही, पाश्चात्त्य मल्ल अजून खेळात आहे. लंडनमध्ये उंची मोजली होती, इथे वय मोजलं गेलं.

सलामी झाली, हात लागले आणि एका मिनिटाच्या आत झिबिस्कोची पाठ मातीला टेकली. अठरा वर्षांची वाट आणि मिनिटभराची कुस्ती. झिबिस्कोने मोठ्या मनाने गामाचं थोरपण मान्य केलं. तो गेला तो गामाचा चाहता होऊन.

ज्याला पट्टा नव्हता असा फड

गामाची खरी परीक्षा मात्र त्याच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर झाली. १९४७. फाळणी. गामा लाहोरच्या मोहनी रोडला राहत होता. त्या मोहल्ल्यात हिंदू कुटुंबंही होती. शहर पेटलं, माणसाने माणसाला ओळखायचं सोडलं. जमाव मोहल्ल्याकडे यायला लागला तेव्हा गामा आणि त्याच्या घरचे पैलवान रस्त्यावर उभे राहिले. त्याच्या शेजाऱ्यांना हात लावायचा असेल तर आधी त्याच्यावरून जावं लागणार होतं. जमाव मागे फिरला. परिस्थिती हाताबाहेर गेल्यावर गामाने त्या कुटुंबांना शिधा दिला, खर्चाला पैसे दिले आणि हद्दीपर्यंत सुखरूप पोचवलं, असं लाहोरकर सांगत आले.

या कुस्तीला इनाम नव्हतं, पंच नव्हते, वर्तमानपत्रांत जाहिरात नव्हती. कुणी त्याची उंची मोजली नाही, वय विचारलं नाही. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल इस्लामने काय सांगितलं आहे ते मशिदीत पुष्कळ वेळा ऐकवलं जातं. गामाने ते एका रस्त्यावर उभं राहून केलं. समोर उभे होते ते त्याच्याच धर्माचे लोक, हे लक्षात घेतलं की त्या उभं राहण्याची किंमत कळते. परक्याशी लढणं त्याला आयुष्यभर येत होतं. आपल्यांना अडवणं ही त्याहून जड जोड होती.

शेवटची वर्षं हलाखीत गेली. मुलगे अकाली गेले होते. संस्थानं गेली, त्यांच्याबरोबर पैलवानांचा आधारही गेला. दुखणी मागे लागली. बातमी सीमेपलीकडे पोचली तेव्हा भारतातून घनश्यामदास बिर्ला यांनी मदत पाठवली. पाकिस्तान सरकारनेही उपचारांना हात लावला. २३ मे १९६० रोजी लाहोरला गामाने जगाचा निरोप घेतला. दीर्घ कारकिर्दीत त्याची पाठ कुणी मातीला लावल्याची नोंद नाही. वारसा पुतण्यांनी चालवला. इमामबख्शचा मुलगा भोलू आणि त्याचे भाऊ यांनी पुढे बरीच वर्षं आखाडे गाजवले.

रमजानच्या महिन्यात प्रत्येकाला एक अनुभव येतो. रोजा आहे की नाही हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. सायझिंगच्या उष्णतेत उभा असलेला कामगार रोजेदार आहे हे शेजारच्या मागावरच्याला दिवसभर कळतही नाही. ते फक्त त्याला आणि त्याच्या मालिकला ठाऊक असतं. पैलवानाची पहाटेची मेहनतही तशीच असते. ती दिसत नाही म्हणून जग बाहेरचं मोजत बसतं. लंडनने १९१०च्या उन्हाळ्यात तेच केलं. लाहोरच्या मोहनी रोडवर उभ्या राहिलेल्या त्या म्हाताऱ्या पैलवानाचं माप घ्यायला मात्र कुणाकडेच पट्टी नव्हती. ज्या कुटुंबांनी त्या रात्री हद्द ओलांडली, त्यांना ते माप माहीत होतं.